नाव कोणी ठरवावे?

मलकापुराहून शेगावास आगगाडीने जाताना टाळी वाजवीत येणाऱ्या मंडळींस काय म्हणावे, याविषयी सुशिक्षितांतही एकमत नाही. वर्तमानपत्रे ‘तृतीयपंथी’ लिहितात. परंतु पंथ मनुष्य स्वेच्छेने स्वीकारतो, आणि लिंगभाव काही दीक्षा घेऊन येत नाही. हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. ‘हिजडा’ हा शब्द तर शिवीच होऊन बसला. तरी लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी आपल्या आत्मचरित्राच्या नावात तोच अभिमानाने घातला. उलट काही पारलिंगी स्त्रिया म्हणतात की, ते एका गुरुशिष्यपरंपरेचे नाव आहे, आम्हांस लावू नका. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी आपली ओळख ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्यास दिला. २०१९ च्या कायद्याने मात्र किन्नर, हिजडा, अरवानी, जोगता अशी सारी नावे एकाच व्याख्येत बसविली.

आमच्या मते सर्वांस पुरेल असा एक शब्द कोशात शोधणे व्यर्थ होय. ‘तो’ म्हणावे की ‘ती’, हेही त्या व्यक्तीसच विचारावे. व्याकरणातील नपुंसकलिंग माणसास लावू नये. परंतु मधल्या सुट्टीत एखाद्या मृदू चालीच्या मुलास याच शब्दांनी हिणविले जाते व तो शाळेत येईनासा होतो, तेथे मतभेदास जागा नाही. पालकहो, तो शब्द मुले बहुधा घरीच ऐकून येतात.