वीज कोणावर पडते?

एप्रिल लागला की आपल्या वस्त्यांत जयंतीची वर्गणी सुरू होते आणि त्याच सुमारास दुपारी चारनंतर आभाळही भरून यायला लागते. वावटळ उठते, पत्रे वाजतात, वीज कडाडते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर चार ओळी असतात: शेतात काम करताना वीज पडून मजुराचा मृत्यू. वर शब्द असतात 'काळाचा घाला', 'निसर्गाचा कोप', 'दैवी आपत्ती'. आमचा आक्षेप या शब्दांनाच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० माणसे मेली, त्यांतली २,८८७ एकट्या विजेने. पूर, उष्माघात, थंडी, कोणाचाही आकडा एवढा नाही. या तक्त्यांत मृतांचे राज्य सापडते, वय सापडते, स्त्री की पुरुष हे सापडते. जात सापडत नाही. मृत माणूस स्वतःच्या शेतात होता की दुसऱ्याच्या, तेही सापडत नाही. पण २०११ च्या जनगणनेनुसार शेतीत राबणाऱ्या दर १०० दलितांपैकी सुमारे ७१ जण शेतमजूर आहेत. म्हणजे आभाळ फाटते तेव्हा उघड्यावर कोण असते, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला उलरिख बेक शिकवला गेला. आधुनिक काळातले धोके वर्गाच्या भिंती ओलांडून सर्वांपर्यंत पोहोचतात, अशी मांडणी त्याने १९८६ च्या 'रिस्क सोसायटी' या ग्रंथात केली. युरोपातल्या किरणोत्सर्गाबद्दल ते पटेलही. सोयाबीनच्या सोंगणीला ते लागू पडत नाही. सोंगणी उक्ती दिलेली असते, एकराच्या भावाने. हात थांबला की मजुरी थांबली. ढग दिसत असतात, गडगडाट ऐकू येत असतो, तरी 'एवढा पट्टा उरकून घेऊ' म्हणून बायका वाकलेल्याच राहतात आणि पाऊस सुरू झाला की बांधावरच्या झाडाखाली पळतात. झाडाखाली जाणे हीच सर्वांत मोठी चूक. वीज झाडावर पडते, तिथून शेजारच्या माणसावर उडी घेते, मुळांभोवतीच्या जमिनीतूनही पसरते. म्हणून एका झाडाखाली एकदम चार-चार माणसे मरतात. शेतमालक त्या वेळी स्लॅबच्या घरात असतो. त्याचे घर सुरक्षित आहे याबद्दल आमची तक्रार नाही, काम कधी थांबवायचे याचा निर्णय त्याच्या हातात आहे याबद्दल आहे.

त्यात आपल्याकडचा दैववाद. पायाळू माणसावर वीज पडते, असे अजूनही सांगितले जाते. काही ठिकाणी तर वीज लागलेल्याला शेणात किंवा चिखलात पुरून ठेवतात, म्हणजे 'वीज उतरते'. मित्रांनो, वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही, त्याला बिनधास्त हात लावा. कधीकधी हृदय आणि श्वास थांबलेला असतो. तेव्हा छाती दाबत राहायची आणि १०८ ला फोन करायचा. शेणातली दहा मिनिटे म्हणजे वाचू शकणारा माणूस आपल्याच हाताने मारणे. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेल्या घरांतही पायाळूची गोष्ट सांगितली जाते, हे लिहिताना आम्हाला संकोच वाटत नाही.

बाबासाहेबांनी निसर्गाकडे कसे पाहिले? १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री म्हणून नदीखोऱ्यांच्या बहुउद्देशीय योजनेचा पाठपुरावा करत होते. १९४५ च्या नोव्हेंबरात कटकच्या परिषदेत ओडिशाच्या नद्यांबद्दल बोलताना त्यांनी जास्तीचे पाणी हे संकट मानणेच चुकीचे ठरवले. पूर हा त्यांच्यासाठी कोप नव्हता, नियोजनाचा प्रश्न होता. त्याच ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १०,००० माणसे मेली आणि २०१९ च्या फनी वादळात शंभराच्या आत. वारा दयाळू झाला नव्हता. मधल्या काळात निवारे बांधले गेले, लाखो लोक वेळेत हलवले गेले. आणि त्याच फनीच्या वेळी दलित कुटुंबांना निवाऱ्यातून बाहेर काढल्याच्या बातम्याही आल्या. इमारत बांधली म्हणजे दार आपल्यासाठी उघडेलच असे नाही.

चक्रीवादळ निदान दोन-चार दिवस आधी कळते. वळवाचे वादळ तेवढा वेळ देत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना साधारण अर्धा तास आधी देते. पण ते ॲप कोणाच्या फोनमध्ये आहे? मुकादमाच्या असेल, तर तो सांगेल तेव्हाच कळणार. म्हणून मजूर टोळीतल्या निदान एका बाईच्या फोनमध्ये ते असलेच पाहिजे. फोन नसेल तर कान वापरा: वीज चमकल्यावर ३० आकडे मोजायच्या आत गडगडाट आला, तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. काम टाका, पक्क्या इमारतीत जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. जवळ काहीच नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून, विहिरीच्या पंपापासून लांब, एकमेकांपासून अंतर ठेवून, पाय जुळवून उकिडवे बसा. आडवे पडू नका. हा शेवटचा उपाय आहे, सुरक्षितता नव्हे.

आता घर. आपली निम्मी वस्ती पत्र्याखाली आहे आणि पत्र्यावर दगड ठेवले की काम झाले असे आपण समजतो. वारा पत्रा वरून दाबत नाही, खालून उचलतो, आणि मग तोच दगड पाळण्यात पडतो. पत्रा लोखंडी पाइपाला हुक-बोल्टने कसा, कडेला जास्त बोल्ट घ्या, पाइप भिंतीत पक्का करा. वारा सुटला की त्या बाजूचे दार-खिडकी आधी लावा. टीव्हीची पिन काढा, भिंतीला टेकून बसू नका, नळाला हात नको. जातीचा दाखला, रेशन कार्ड, आधार, बँकेचे पुस्तक एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत दाराजवळ टांगून ठेवा. दाखला भिजला तर तो पुन्हा काढायला किती फेऱ्या होतात ते आम्ही सांगायला नको.

पण एकेका घराने बोल्ट मारून हे संपत नाही. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १५ टक्के निधी मागासवर्गीयांसाठी असतो, वस्ती सुधारणेचा पैसा वेगळा येतो, आणि दरवर्षी त्यातून पेव्हर ब्लॉक आणि कमान उभी राहते. कमानीखाली वादळात कोणी थांबू शकत नाही. समाजमंदिराला आणि विहाराला पक्का स्लॅब, त्यावर वीज अटकाव यंत्र, आणि रात्रीही चावी कोणाकडे मिळेल हे भिंतीवर लिहिलेले, एवढे त्याच पैशात होते. जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे वाचवले तर वस्तीतल्या विधवा आणि म्हाताऱ्या माणसांच्या पत्र्यांचे बोल्ट येतात. डीजेवाल्या पोरांना हे आवडणार नाही, आम्हाला ठाऊक आहे.

१ मेच्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी द्या आणि पोच घ्या. वीज अटकाव यंत्र शाळेबरोबर आपल्या वस्तीतही हवे. गडगडाट सुरू झाल्यावर काम थांबले तरी त्या दिवसाची मजुरी कापली जाणार नाही, असा ठराव हवा. आणि वादळानंतर तलाठ्याने पंचनामा वस्तीत येऊन, घरमालकासमोर करावा, चावडीवर बसून नाही. वीज पडून मृत्यू झाल्यास ४ लाखांची मदत आहे, पण शवविच्छेदन न करता घाईने अंत्यविधी उरकला की कागदच उभा राहत नाही. त्या घरात रडारड चालू असताना हे सांगायला कोणीतरी जावे लागते. तो कोण, हे प्रत्येक वस्तीने आत्ताच ठरवून ठेवावे.