वाकडेवाडीचा हेलपाटा

एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले ते 17 मार्च 2023 पासून. आमच्या वडगाव रासाईसारख्या भीमाकाठच्या गावात त्याचा फायदा सर्वांत आधी दिसतो तो लग्नसराईत. मालेगावला नात्यातले लग्न असले की पूर्वी घरातली दोन माणसे जाऊन यायची. आता अम्मी, खाला, भाभी, सगळ्याच निघतात. पंचाहत्तरी ओलांडलेल्या दादींना तर 2022 पासून तिकीटच नाही. पण पुण्यात रेल्वेतून उतरून नाशिककडची गाडी धरायची म्हटले की वाचलेला पैसा रिक्षावाल्याच्या हातात जातो. कारण शिवाजीनगरचे एसटी स्थानक आता शिवाजीनगरला नाही.

जुने स्थानक रेल्वे स्टेशनला लागून होते. पिशवी खांद्यावर, मूल कडेवर, चार पावले चालले की समोर नाशिक, नगर, मराठवाड्याच्या गाड्या. 2019 सरता सरता मेट्रोच्या भुयारी स्थानकासाठी ते हलवले आणि दोन-तीन किलोमीटरवर, वाकडेवाडीत दुग्ध विभागाच्या जागेवर नेले. व्यवस्था तात्पुरती, असे तेव्हा सांगितले गेले. 1 ऑगस्ट 2023 ला शिवाजीनगरची मेट्रो सुरूही झाली. जमिनीखालचे काम पुरे होऊन गाड्या धावू लागल्या, तरी जमिनीवरची एसटी वाकडेवाडीतच होती. ‘तात्पुरते’ या शब्दाची आम्हा शिक्षकांना चांगली ओळख आहे. तात्पुरत्या पत्र्याच्या वर्गात शिकलेली मुले पुढे आपल्या मुलांचे नाव घालायला त्याच वर्गात येतात.

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला गेली. तो रस्ता आमच्या शिरूरवरूनच जातो. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ हा तालुका एसटीचा गिऱ्हाईक आहे. त्यामुळे पुण्यातले स्थानक कसे बांधायचे, हा फक्त पुणेकरांचा प्रश्न आहे असे आम्हाला वाटत नाही. तिथे सर्वांत जास्त वेळ ताटकळतो तो बाहेरगावचा माणूस.

आता नव्या बांधणीचा व्यवहार समजून घेऊ. महामंडळाकडे पैसा कमी, पण शहरांच्या मध्यभागी मोक्याच्या जागा. म्हणून जागा विकासकाला भाड्याने द्यायची, त्याने स्थानक बांधून द्यायचे आणि वरच्या दुकानांतून, कार्यालयांतून आपला खर्च काढायचा. हा भाडेकरार 98 वर्षांपर्यंत करता येईल, असा निर्णय सरकारने 2025 मध्ये घेतला. आमचा या पद्धतीला सरसकट विरोध नाही. 2021-22 च्या संपात गाड्या महिनोन् महिने बंद राहिल्या तेव्हा खेड्यांचे काय झाले ते आम्ही पाहिले आहे. एसटीला चार पैसे मिळाले तर ते हवेच आहेत. पण 98 वर्षे म्हणजे आमची नातवंडे म्हातारी होईपर्यंतचा काळ. रस्त्यालगतची दर्शनी जागा दुकानांना आणि फलाट मागच्या अंगाला, असे एकदा नकाशात बसले तर ते पुढे कोण बदलणार? घर बांधताना मोरी आणि चूल आधी ठरवतात, दिवाणखाना मागाहून. इथे उलटे व्हायची धास्ती आहे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट मुलींची. बारावीपर्यंत शिकणाऱ्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पास आहे, कॉलेज आहे, गुणही आहेत. तरी पालक आमच्याकडे येतात तेव्हा एकच विचारतात : “सर, गाडी चुकली तर पोरगी थांबणार कुठं?” 25 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे स्वारगेट स्थानकाच्या आवारात उभ्या असलेल्या शिवशाहीत एका तरुणीवर अत्याचार झाला. त्यानंतर या प्रश्नाचे उत्तर देताना आमची जीभ अडखळते. स्वारगेटला मेट्रो आधीच्या सप्टेंबरातच पोहोचली होती. लखलखीत मेट्रो शेजारी आणि एसटीच्या आवारात रिकाम्या उभ्या गाड्यांचा अंधार! तेव्हा नव्या स्थानकाच्या आराखड्यात मुक्कामी गाड्या प्रवाशांपासून वेगळ्या, कुलूपबंद आवारात असाव्यात. चौकशी खिडकी आणि पोलीस चौकी फलाटावरून दिसणारी असावी. बायकांची बसायची जागा उजेडात, माणसांच्या नजरेसमोर हवी. हे पैशाचे काम कमी, ध्यानात ठेवण्याचे जास्त.

शेरशाह सूरीने हमरस्त्यांवर सराया बांधल्या, हे आम्ही इतिहासाच्या तासाला शिकवतो. मुसाफिराला पाणी, रात्रीचा आसरा आणि जनावराला चारा, एवढ्यासाठी त्या होत्या. आजच्या मुसाफिराची मागणीही तेवढीच आहे. वाहत्या पाण्याचे नळ असले तर कुणी तहान भागवेल, कुणी वुजू करील, कुणी बाळाची दुधाची बाटली धुईल. हिरकणी कक्ष असावा आणि त्याची किल्ली कुणाकडे आहे ते शोधत फिरावे लागू नये. स्वच्छतागृह म्हाताऱ्या माणसाला जिना न चढता गाठता यावे. रेल्वे, मेट्रो आणि एसटी यांच्यामध्ये छताखालून चालत जाता यावे. एवढे झाले तर वाकडेवाडीत काढलेली वर्षे वाया गेली असे कुणी म्हणणार नाही.

2024 पासून एसटीच्या आगारांत ‘प्रवासी राजा दिन’ होतो. विभाग नियंत्रक त्या दिवशी प्रवाशांच्या तक्रारी ऐकतात. आपल्या आगारातला दिवस विचारून घ्या. ग्रामसभेतही हा विषय मांडता येतो. शिवाजीनगरबद्दल लिहायचे तर अर्जात सुधारणा, विकास असले मोठे शब्द नकोत. रेल्वेच्या फलाटापासून एसटीच्या फलाटापर्यंत म्हातारीला किती पावले चालावी लागतील, एवढेच विचारावे. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.