धानाच्या पोंग्यातील अर्थकारण

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या जिल्ह्यांत रोवणी आटोपून महिनाभर लोटला की काही बांध्यांत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागते. ज्या फुटव्यातून पुढे लोंबी यावयाची, त्यातून कांद्याच्या पातीसारखी पोकळ, रुपेरी नळी वर येते. शास्त्रज्ञ तिला चंदेरी पोंगा म्हणतात. शेतकरी एवढेच म्हणतो की गाद आली. या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही.

हे काम गादमाशीचे. डासाएवढी ही माशी रात्री पानावर अंडी घालते. त्यातून निघालेली अळी पान आणि खोड यांमधून खाली सरकत वाढीच्या कोंबापाशी पोचते आणि तिथे बस्तान मांडते. तिच्या खाण्याने व लाळेतील द्रव्यांमुळे रोपाची वाढच वेगळ्या वळणाला लागते. रोप स्वतःच्या रसावर, स्वतःच्या पेशींतून, आपल्या शोषकासाठी घर बांधून देते. वनस्पतींवर कीटकांमुळे येणाऱ्या सगळ्याच गाठींची ही तऱ्हा आहे. धानाची गाद त्यातील आपल्याला सर्वांत महाग पडणारी. १८८९ साली जेम्स वुड-मेसन यांनी या माशीचे शास्त्रीय वर्णन केले. तेव्हापासून शतकाहून अधिक काळ तिचा अभ्यास चालू आहे. तरीही तिच्या शत्रूची कहाणी मात्र शेतकऱ्यापर्यंत फारशी पोचलेली नाही.

हा शत्रू म्हणजे प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची, जेमतेम मिलिमीटरभर लांबीची काळी गांधीलमाशी. पोंग्याच्या किल्ल्यात शिरणे तिला शक्य नाही. म्हणून ती किल्ला बांधला जाण्यापूर्वीच, पानावरच्या अंड्यात किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या अळीत, आपले अंडे ठेवते. गादमाशीची अळी आपल्या मारेकऱ्याला पोटात घेऊनच कोंबापर्यंत जाते. तिथे त्या एका अंड्याचे विभाजन होऊन अनेक जीव तयार होतात, अळी आतून पोखरली जाते, आणि शेवटी तिच्या कातडीच्या पिशवीतून एका माशीऐवजी अनेक गांधीलमाश्या बाहेर पडतात. हंगामाच्या उत्तरार्धात या परोपजीवीचे प्रमाण पुष्कळ वाढलेले आढळते. शिवाय पोंग्यातील कोषांवर जगणाऱ्या इतर गांधीलमाश्या आहेत, पोंग्यात शिरून शिकार करणारे भुंगेरे आहेत, कोळी आहेत.

आता यातील अडचणही लपवता कामा नये. परोपजीवीने ग्रासलेली अळीसुद्धा मरण्यापूर्वी पोंगा तयार करतेच. म्हणजे ज्या शेतकऱ्याच्या बांधीत गांधीलमाशी काम करते, त्याचा तो फुटवा वाचत नाही. वाचतो तो पुढच्या पिढीच्या माशीपासूनचा, बहुधा शेजाऱ्याच्या बांधीतील, उशिरा रोवलेल्या धानाचा फुटवा. कीटकशास्त्रज्ञ याला परोपजीवीचा उशीर म्हणतात. अर्थशास्त्राच्या भाषेत मात्र हा उशीर नसून लाभाचे स्थलांतर आहे: ज्याच्याकडे काम होते, त्याच्याकडे फळ पडत नाही. पिगूने १९२० साली 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर'मध्ये खाजगी व सामाजिक हिशेबांतील जी तफावत मांडली, तिचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. एकट्या शेतकऱ्याच्या वहीत गांधीलमाशीची किंमत शून्य येते. गावाच्या वहीत ती पिकाएवढी येते. पण गावाची वहीच कुणी ठेवत नाही.

ती न ठेवल्यामुळे जे होते ते सर्वपरिचित आहे. पोंगा दिसला की शेतकरी कृषी केंद्राच्या दुकानात धाव घेतो. पोंगा दिसला याचा अर्थ त्या फुटव्याचे नुकसान होऊन गेले, ही गोष्ट विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला ठाऊक नसते. आत दडलेल्या अळीला वरच्या फवारणीचा फारसा उपद्रव होत नाही. उपद्रव होतो तो उघड्यावर वावरणाऱ्या गांधीलमाशीला आणि कोळ्यांना. म्हणून मग मुळांवाटे रोपात शिरणारी दाणेदार विषे आली. त्यातील फोरेटवर केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. त्यापूर्वी अनेक दशके ते बांधीतील पाण्यात पडत होते. ज्या पाण्यात रोवणीच्या बाया गुडघाभर उभ्या राहतात आणि ज्यातले मासे-खेकडे मजुराच्या ताटात जातात, त्याच पाण्यात. विषाचा खर्च शेतकऱ्याने दिला, त्याची किंमत मजुराने. कंपनीच्या ताळेबंदात दोन्ही दिसत नाहीत. आणि गांधीलमाशी बाटलीत भरून दरवर्षी नव्याने विकता येत नाही, तेव्हा तिचा प्रचार करणारा विक्रेता कधीच मिळणार नाही, हेही उघड आहे.

प्रतिकारक वाणांचा मार्ग यापेक्षा पुष्कळ चांगला, आणि तो सार्वजनिक संशोधनानेच दाखवला. आय. आर. ८ व जया या बुटक्या वाणांनी उत्पादन वाढवले, पण ते गादमाशीला सहज बळी पडत. त्यानंतर वारंगळपासून साकोलीपर्यंतच्या संशोधन केंद्रांनी प्रतिकारक वाणांसाठी जे परिश्रम घेतले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु १९८० च्या दशकात श्रीकाकुळममध्ये फाल्गुना या प्रतिकारक वाणावर मात करणारा माशीचा नवा प्रकार निपजला. भारतात असे निदान सहा-सात प्रकार ओळखले गेले आहेत. एकाच वाणाने सारा मुलूख व्यापला की माशीला तोडगा शोधायला फार काळ लागत नाही. वाण टिकवायचा असेल तर त्याच्या जोडीला गांधीलमाशी हवीच.

पश्चिम आफ्रिकेतील अनुभव येथे विचार करण्याजोगा आहे. तिथली धानाची गादमाशी वेगळ्या जातीची. १९८२ साली ती स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. तिथे शेताच्या कडेला कोदोच्या जातीचे गवत वाढते. त्यावर गाद आणणारी माशी निराळी, ती धानाला शिवत नाही. पण दोघींचे परोपजीवी एकच. म्हणजे ते गवत हे धानाच्या मित्रांचे बिगर-हंगामी घर ठरते. हे सूत्र विदर्भाच्या धुऱ्यांना जसेच्या तसे लागू पडेल असे नव्हे. पण धुरा तणनाशकाने लख्ख करण्यापूर्वी त्यावर काय राहते हे पाहावे, एवढे शहाणपण त्यातून घेता येते.

खरा प्रश्न मात्र रोवणीच्या क्रमाचा आहे, आणि तो कीटकशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. उशिरा रोवलेल्या धानावर गाद अधिक येते, हे सर्वमान्य आहे. उशीर कुणाला होतो? ज्याच्याजवळ स्वतःचा पंप नाही, ज्याच्या बांधीला तलावाचे पाणी शेवटी पोचते, आणि ज्याच्या घरची बाई आधी मोठ्या शेतकऱ्याची रोवणी उरकून मग स्वतःच्या एकरभराकडे वळते, त्याला. आधी रोवलेल्या बांध्यांत वाढलेली माशी त्याच्या कोवळ्या धानावर उतरते. निसर्गाची आपत्ती म्हणून पंचनाम्यात जिची नोंद होते, ती अशी जमिनीच्या आणि पाण्याच्या वाटपातून आलेली असते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. पाणी मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्याच क्रमाने वाहत राहिले. पक्षाच्या कार्यकर्त्यांनी कीटकनाशकांवरील अनुदानाची मागणी करण्याऐवजी ग्रामसभेत रोवणीपूर्वी दोन गोष्टी मांडाव्यात. मामा तलावाचे पाणी सोडण्याचा क्रम लहान धारकापासून सुरू व्हावा, म्हणजे सगळ्या गावाची रोवणी थोडक्या दिवसांत आटोपेल. आणि कृषी सहायकाने विषाची शिफारस लिहून देण्याआधी बांधीतले निदान वीस पोंगे शेतकऱ्यासमोर चिरून दाखवावेत. आत एक लाल अळी आहे की गांधीलमाश्यांच्या कोषांनी भरलेली पिशवी, हे पाहायला भिंगही लागत नाही. पिशव्या अधिक निघाल्या, तर उपटलेले पोंगे जाळून न टाकता उशिराच्या बांध्यांच्या धुऱ्यावर ठेवावेत.