घशातला काटा आणि घड्याळाचा काटा

पहिल्या मोठ्या पावसात कर्जत-खालापूरच्या ओढ्यांतून, भातखाचरांतून वलगणीचे मासे चढू लागतात आणि घरोघरी कालवण शिजते. हे मासे चवीला छान, पण काटे बारीक आणि पुष्कळ. काटा घशात रुतला की ठरलेला सल्ला मिळतो : कोरड्या भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळ. कधी कधी काटा जातोही, म्हणून हा उपाय टिकून आहे. पण गेला नाही, तर हाच गोळा नडतो.

बरेचदा काटा टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी अडकलेला असतो. कान-नाक-घसा तज्ज्ञ तो चिमट्याने काढू शकतात. भाताच्या दाबाने तो आणखी खोल रुततो किंवा अन्ननलिकेत ढकलला जातो. मग दुर्बीण घालून, म्हणजे एंडोस्कोपी करून, तो काढावा लागतो. त्या वेळी पोट भरलेले असेल तर अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

मोठी माणसे फक्त काटेच गिळतात असे नाही. सैल झालेली कवळी, साडी नेसताना ओठांत धरलेली पिन, सुताराच्या तोंडातला खिळा, घाईत गिळलेला मटणाचा तुकडा, अशी ही यादी आहे. त्यातली दिलासा देणारी बाब अशी की गिळलेल्या वस्तूंपैकी सुमारे ८० टक्के आपोआप शौचावाटे बाहेर पडतात आणि शस्त्रक्रियेची वेळ शंभरात एखाद्यावरही क्वचितच येते. प्रश्न उरलेल्यांचा आहे आणि तिथे वेळ मोजून घ्यावा लागतो.

युरोपातील एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. अन्ननलिकेत टोकदार वस्तू किंवा बटण सेल अडकला असेल, किंवा स्वतःची लाळही गिळता येत नसेल, तर शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत एंडोस्कोपी व्हावी. अन्ननलिकेत अडकलेल्या इतर वस्तूंसाठी, तसेच जठरात पोहोचलेल्या टोकदार किंवा लांब वस्तूंसाठी चोवीस तासांची मर्यादा आहे. उशीर झाला तर अन्ननलिकेला भोक पडून छातीत जंतुसंसर्ग पसरू शकतो.

आता हे सहा तास आपल्या भागात मोजून पाहा. चोवीस तास एंडोस्कोपीची सोय प्रत्येक तालुक्याच्या गावी नसते. पुढे जायचे तर पनवेल-नवी मुंबई, अलिबाग किंवा मुंबई. कर्जतहून मुंबई रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर; लोकलला दोन तास लागतात आणि मध्यरात्रीनंतर काही तास लोकलही नसते. खालापूरकरांना द्रुतगती मार्ग जवळ आहे, पण सुट्टीच्या दिवशी तिथे वाहनांच्या रांगा लागतात. वाडीवरून डांबरी रस्त्यापर्यंत पायी येणाऱ्यांचा वेळ वेगळाच. त्यात भाताचे गोळे गिळत ‘सकाळी बघू’ म्हटले, की मर्यादा घरातच संपते.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवा. श्वास कोंडला असेल, बोलता येत नसेल, तर वस्तू श्वासनलिकेत आहे. तिथल्या तिथे पाठीवर थापा आणि पोटाला झटके देण्याचा प्रथमोपचार करा आणि १०८ ला फोन लावा. श्वास व्यवस्थित असेल तर खाणे-पिणे थांबवा. ओकारी काढू नका, जुलाबाचे औषध घेऊ नका. गिळलेल्या वस्तूसारखी दुसरी वस्तू सोबत न्या. एक्स-रेत काही दिसले नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. माशाचा काटा आणि प्लास्टिकची कवळी त्यात अनेकदा दिसत नाही, सीटी स्कॅन लागू शकतो. निघण्यापूर्वी फोन करून एकच विचारा : एंडोस्कोपी आत्ता होईल का? रात्री कोणत्या रुग्णालयात ती होते, याची यादी तालुक्याच्या रुग्णालयात दर्शनी भागात लावली, तरी अनेकांची वणवण वाचेल.

आणि घास वारंवार अडकत असेल, तर तो निघाला म्हणून विषय संपवू नका. अन्ननलिका अरुंद झाल्याची, क्वचित कर्करोगाचीही ती पहिली खूण असू शकते. कवळी सैल झाली असेल तर दुरुस्त करून घ्या आणि झोपताना काढून ठेवा.