लग्न गोव्यात, बिऱ्हाड कुठे?

गेल्या मार्गशीर्षात माझ्या चुलतभावाच्या मुलाचे लग्न झाले. नवरामुलगा बेंगळूरला नोकरीला, नवरी हैदराबादची, आणि लग्न मात्र गोव्यात, काणकोणच्या समुद्रकिनाऱ्यावर! दोघांपैकी कुणाचेही घर, आजोळ किंवा कुलदैवत त्या बाजूला नाही. अशा लग्नाला हल्ली 'डेस्टिनेशन वेडिंग' म्हणतात, हे आपल्या महाविद्यालयातील मुलामुलींना मी सांगायला नको.

पत्रिका मोबाईलवर आली. चार समारंभांना कोणत्या रंगाचे कपडे घालायचे, हे तीत तपशीलवार होते. तळाशी ठळक अक्षरांत 'कृपया आहेर आणू नये' असेही होते. नव्हते ते एवढेच, की उतरायचे कुठे आणि त्याचे पैसे कुणी द्यायचे. 'लग्नाला बोलावले म्हणजे सोय केलीच असणार' अशा जुन्या समजुतीने मी आत्याला बरोबर घेतले आणि गाडी ठरवून निघालो.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. शहापुरात दोन खोल्यांत राहते, नवऱ्याच्या पेन्शनीवर. भाऊ आणि वहिनी दोघेही नोकरीला असताना हा नवरदेव तिच्याच ओसरीवर चालायला शिकला. सुनेसाठी तिने शहापुरी साडी घेतली होती आणि डबाभर बेसनाचे लाडू केले होते.

सकाळी नऊला आम्ही पोहोचलो. काउंटरवरच्या मुलाने हसतमुखाने सांगितले, की खोली दुपारी दोननंतर मिळेल, लग्नाच्या पाहुण्यांना सवलतीचा दर रात्रीला सात हजार, आणि किमान दोन रात्री घ्याव्या लागतील. मी भावाला शोधले. तो मांडवाच्या फुलांत गुंतला होता. त्या गडबडीत मला विचारता आले नाही आणि त्याला सांगता आले नाही. आत्याने मात्र आकडा ऐकला होता. ती हळूच म्हणाली, "मी गाडीतच बसते गा. रात्रीचं काय, माझा डोळा लागतोय कुठं?"

शेवटी आमचा खानापूरचा ड्रायव्हरच मागच्या वाडीत जाऊन माडांतल्या एका घरात बाराशे रुपयांत खोली बघून आला. घरच्या बाईने "बस गो मावशे" म्हणून आत्यापुढे चहा ठेवला. संध्याकाळी वाळू तुडवत, गुडघे धरत आत्या मांडवात गेली आणि अक्षता टाकून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी कळले, की नाश्त्याची कुपने खोलीप्रमाणे आहेत. आम्ही गाडीतच लाडू खाल्ले. परतताना अनमोडचा घाट चढत असता ती एवढेच म्हणाली, "लग्न छान झालं. पण मला कुणी 'उतरलीस कुठं?' म्हणून विचारलं नाही."

तिचे ते वाक्य अजून माझ्या मनातून गेलेले नाही. त्यात दोष एकट्या भावाचा नाही. दहा दिवस आधी एक फोन करून मी स्पष्ट विचारले असते तर हा प्रसंग टळला असता. संकोचापायी मी विचारले नाही, आणि त्या संकोचाची किंमत आत्याने दिली.

लग्नासाठी परगावी जाणे ही काही आजची गोष्ट नव्हे. वऱ्हाड पूर्वीपासून परगावीच जात आले आहे. फरक एवढाच, की तेव्हा जानवसा असे. शाळेच्या खोल्यांत सतरंज्या अंथरल्या जात, बंबात पाणी तापे, आणि म्हाताऱ्या माणसांना गल्लीतली घरे आपणहून उघडली जात. आमच्या कन्नड विभागातल्या सहकाऱ्यांनी मला सांगितले, की अशा उतरण्याच्या जागेला कानडीत 'बिडार' म्हणतात. आपले 'बिऱ्हाड' आणि त्यांचे 'बिडार', शब्दसुद्धा शेजारीशेजारी नांदतात!

पण जुन्याचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. त्या जानवशाचा सगळा भार मुलीच्या बापावर पडे. किती बाप त्यापायी कर्जात बुडाले आणि पाण्याचा तांब्या उशिरा आला म्हणून किती विहिणी रुसल्या, हे आपण ऐकून आहोत. तो भार आज वाटून घेतला जात असेल तर चांगलेच आहे. शिवाय नातेवाईक पुणे, बेंगळूर आणि हैदराबाद असे पांगलेले असताना मधले एखादे ठिकाण निवडण्यात गैर ते काय? खोलीचे भाडे पाहुण्याने द्यावे, यातही मला अन्याय दिसत नाही. अन्याय आहे तो ते आधी न सांगण्यात. 'आहेर आणू नये' म्हणायचे आणि कुठल्याही आहेरापेक्षा मोठी रक्कम काउंटरवर भरायला लावायची, हा कुठला न्याय?

म्हणून पाहुण्यांना अनुभवाचे चार शब्द सांगतो.

पहिली गोष्ट, 'लग्न गोव्यात' एवढ्यावर निघू नका. तालुका विचारा. गोवा लहान खरे, पण उत्तर-दक्षिण शंभरेक किलोमीटर लांब आहे. आमच्याच लग्नात पुण्याचे एक कुटुंब स्वस्त तिकीट मिळाले म्हणून मोपाला उतरले. मोपाचा विमानतळ (2023 च्या जानेवारीपासून तेथे वाहतूक सुरू झाली) पेडण्यात, म्हणजे उत्तर टोकाला, आणि काणकोण दक्षिण टोकाला. दक्षिणेतल्या लग्नाला दाबोळी जवळ. विमानात वाचलेले पैसे त्यांनी टॅक्सीला दिले. बेळगावहून जाणाऱ्यांनी पेडणे, बार्देश किंवा डिचोलीकडे जायचे तर चोर्ल्याचा घाट धरावा. सासष्टी, केपे किंवा काणकोण गाठायचे तर खानापूर, रामनगर, अनमोड आणि मोले हा रस्ता बरा. रेल्वेने जाणाऱ्यांसाठी लोंढा, कॅसलरॉक, कुळे असा मार्ग मडगावला पोहोचतो, आणि मडगावहून कोकण रेल्वे पुढे काणकोणपर्यंत नेते. मात्र घाटातून जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत. परतीचे तिकीट काढल्याशिवाय जाण्याचे काढू नये.

दुसरी गोष्ट खोलीची. खोली बहुधा दुपारी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. पहाटेच्या गाडीने पोहोचणाऱ्याने मधले सहा-सात तास कुठे काढायचे, हे आधी ठरवावे. भाडे किती, त्यात नाश्ता आहे का, किमान किती रात्री घ्याव्या लागतात आणि रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, हे चार प्रश्न फोनवरच विचारावेत. प्रत्येकाचे ओळखपत्र बरोबर असू द्यावे. नाताळापासून नव्या वर्षापर्यंतच्या आठवड्यात गोव्यातले दर गगनाला भिडतात. लग्न त्या दिवसांत असेल तर पत्रिका हाती पडताच खोली धरावी.

तिसरी गोष्ट, यजमानांच्याच हॉटेलात उतरले पाहिजे असा काही दंडक नाही. दोन-तीन किलोमीटर आत गावात गेले की साधी, स्वच्छ घरगुती खोली निम्म्याहून कमी पैशांत मिळते. लग्न फोंड्याच्या बाजूला असेल तर तिथल्या मोठ्या देवस्थानांच्या अग्रशाळा आहेत. त्यांचे नियम पाळायची तयारी हवी आणि चौकशी आधी करायला हवी. मात्र आत उतरणाऱ्याने रात्री परतायची गाडी दिवसाच ठरवून ठेवावी.

चौथी गोष्ट, बरोबर वडीलधारे माणूस असेल तर खोली तळमजल्यावर आहे का आणि मांडवापर्यंत वाळूतून किती चालावे लागते, हे विचारल्याशिवाय निघू नये.

आता यजमानांना एकच विनंती. पत्रिकेत कपड्यांच्या रंगांसाठी जागा असते, तर आणखी तीन ओळींनाही होईल. कसे यावे, कुठे उतरावे आणि कोणता खर्च कुणाचा. 'प्रवास आणि खोली आपली, जेवणखाण आमचे' असे सरळ लिहिण्यात कमीपणा नाही. 'येणे न जमल्यास राग नाही, घरी आशीर्वादाला येऊ' असेही लिहावे आणि खरोखर जावे. पाहुण्यांची यादी करताना ज्यांना हा खर्च झेपणार नाही अशी दोन-चार नावे प्रत्येक घरात असतात. तीच बहुधा आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलेली माणसे असतात. त्यांची खोली यजमानाने आपल्या खर्चाने, गाजावाजा न करता आधीच धरून ठेवावी. फुलांची एक कमान कमी झाली तर फोटो बिघडत नाही.

विद्यार्थीमित्रहो, पाच-सात वर्षांत तुमच्याही पत्रिका निघतील. लग्न बेळगावात करा, गोव्यात करा, नाहीतर आणखी कुठे करा. तो तुमचा हक्क आहे. फक्त पत्रिका पाठवण्याआधी आपल्या आत्याला, मावशीला एकदा फोन करा आणि विचारा, "तू उतरणार कुठे?"

आमच्या भावाला मी हे सारे मागाहून सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्याच रविवारी नवे जोडपे शहापुरात आत्याच्या ओसरीवर जेवायला आले. सुनेने तीच साडी नेसली होती.