बाहेरचा रंग दिवाळीत नको, वैशाखात द्या



दसरा झाला की आपल्या डहाणू-तलासरीत रंगाऱ्यांना उसंत नसते. दिवाळीच्या आत घर रंगवून व्हायलाच हवे, अशी रीतच आहे. आतल्या भिंती खुशाल रंगवा. बाहेरच्या भिंतीला मात्र दिवाळीत रंग देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षभरात त्यावर फोड येतात, पोपडे सुटतात आणि बोल लागतो रंगाऱ्याला.

चार महिने भिंत पाऊस पिते. वरून कोरडी दिसली तरी विटांत आणि गिलाव्यात पाणी मुरलेले असते. त्यावर रंगाचा पातळ पडदा बसतो. मग ऑक्टोबरच्या उन्हात भिंत तापते, आतली ओल वाफ होऊन बाहेर यायला बघते, तिला वाट मिळत नाही, की रंग फुगला! एक फोड ब्लेडने कापून पाहा. खाली उघडा गिलावा दिसला तर बहुधा ओल. खाली जुना रंग दिसला तर तो न घासता किंवा भर उन्हात हात मारलेला असतो. किनाऱ्याकडच्या घरांना खाऱ्या वाऱ्याचा लोणाही लागतो, तो वेगळाच.

पण आपल्याकडे पाणी आत शिरण्याचे आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने इथे मापक यंत्रे बसवली. धक्के बहुतेक लहानच, पण घराघरांत भिंतींना चिरा गेल्या. त्या चिरेतून पाऊस आत जातो आणि फोड येतो भलतीकडेच. अशी चीर पुट्टीने बुजवून वर रंग मारणे मला धोक्याचे वाटते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, आरपार किंवा दर वर्षी रुंदावणारी चीर इंजिनीअरला दाखवायलाच हवी. रंगाखाली ती दिसायची बंद होते, वाढायची नाही.

मी कॉमर्सची, म्हणून हिशेब सांगते. दर दोन वर्षांनी रंग हा चालू खर्च. चिरा, गच्चीचे उतार आणि खिडकीवरचे छज्जे दुरुस्त करणे ही गुंतवणूक. पैसे कमी असतील तर यंदा रंग राहू दे, दुरुस्ती करा.

नवा गिलावा केला तर सात दिवस पाणी मारा आणि महिनाभर तरी रंगाचे नाव काढू नका. जुनी भिंत असेल तर चुन्याची सफेदीही काही वाईट नाही, तिच्यातून वाफ निघून जाते. वारली पाड्यांवरच्या कुडाच्या, शेणामातीच्या भिंतीवर रंगाचे फुगे कुणी पाहिलेत?

आषाढी चौदशीच्या आत आपण गच्ची-अंगण कोरडे, स्वच्छ करून ठेवतो, कारण एकदा शेवाळ धरले की त्यातल्या अनंत जीवांमुळे ते खरवडता येत नाही. जयणा आधीच पाळायची असते. बाहेरच्या भिंतीचे कामही त्याच यादीत घाला. होळीनंतर दुरुस्ती, अक्षय तृतीयेच्या सुमारास रंग.

त्याआधी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून एक रात्र ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, तर रंगाऱ्याला आठ-पंधरा दिवस थांबायला सांगा.