पित्ताशयाचे ऑपरेशन : छिद्र एक की चार?

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, की घरात पहिला प्रश्न येतो, 'ऑपरेशन करावेच लागेल का?' पोटात कळा, उलट्या, कावीळ असा त्रास होत असेल तर बहुधा हो. काहीच त्रास नसेल तर डॉक्टर अनेकदा थांबायला सांगतात. नुसते खडे काढले तर ते पुन्हा होतात, म्हणून पित्ताशयच काढले जाते.

उत्तर भारतात हा आजार खूप आढळतो. त्यामुळे दिल्ली, नोएडा, गुरुग्राममध्ये राहात असाल तर जाहिराती तुमच्या मोबाइलवरही आल्या असतील. त्यांतले काय निवडाल?

चार छिद्रे : पूर्वी बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी भारतात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची सुरुवात केली. बेंबीजवळून दुर्बीण आणि इतर तीन छिद्रांतून अवजारे, ही पद्धत आजही सर्वाधिक वापरली जाते. छिद्रे साधारण ५ ते १० मिलिमीटरची असतात.

तीन छिद्रे : केस सोपी असेल तर एक छिद्र कमी चालते. गरज पडल्यास चौथे करता येते.

एक छिद्र : व्रण बेंबीत लपतो. पण अवजारे एकमेकांना अडतात, वेळ जास्त लागतो आणि बेंबीतला छेद मोठा असल्याने तिथे हर्नियाचा धोका वाढतो.

रोबोटिक : रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही, सर्जनच त्याचे हात चालवतो. खर्च जास्त येतो, मात्र साध्या पित्ताशयासाठी ठोस जास्तीचा फायदा सिद्ध झालेला नाही.

लेझर : पित्ताशय काढायला लेझर लागत नाही. जाहिरातीत हा शब्द दिसला तर नेमके काय करणार, ते विचारा.

खरा धोका व्रणाचा नाही, तर चुकून मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचा आहे. असे हजारात मोजक्याच रुग्णांत घडते, पण त्याचे परिणाम गंभीर असतात. म्हणून पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी, या दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही, असा नियम अमेरिकेतील सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडला. सूज फार असेल तर पित्ताशयाचा काही भाग ठेवणे किंवा पोट उघडणे हे अपयश नव्हे, शहाणपण आहे.

डॉक्टरांना हे विचारा

- तुम्ही नेहमी कोणत्या पद्धतीने ऑपरेशन करता?
- आत नीट दिसले नाही तर काय कराल?
- काढलेले पित्ताशय तपासणीला पाठवाल ना? (उत्तर भारतात पित्ताशयाचा कॅन्सर जास्त आढळतो, म्हणून हे टाळू नका.)

ऑपरेशननंतर पोटात भरलेल्या गॅसमुळे एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. मात्र ताप, कावीळ किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा. छिद्रे मोजण्यापेक्षा सर्जनचा अनुभव पाहा.